छावनीतून : पहिला पक्षी



एप्रिल संपत आला की ग्वाल्हेरात घराच्या भिंती रात्रीही तापलेल्या असतात. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी मग शिंदे की छावनीतल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर गाद्या टाकतो. त्या दिवशी पहाटे पाचला उशाशी ठेवलेला फोन वाजला. अमेरिकेहून अशा अवेळी फोन आला की आधी पोटात गोळा येतो. आपल्यातल्या ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

फोनवर नात होती. वय वर्षे १४, मुक्काम पेनसिल्व्हेनिया. तिकडे गुरुवारची संध्याकाळ होती.

"आबा, झोपला होतात का? एक विचारायचंय. परवा शनिवारी मी पहिल्यांदा टर्कीच्या शिकारीला चाललेय. समोर जेक आला तर मारू की सोडू?"

मी उठून बसलो. ही शेजारून म्हणाली, "काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही, पोरगी शिकारीला निघालीय." हिची झोप पूर्ण उडाली.

आधी तो पक्षी कोण ते सांगतो. टर्की मूळचा अमेरिकेतला. आपल्याकडे तो पोर्तुगिजांनी आणला. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी एक टर्की नेला आणि दरबारातल्या उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं. ते चित्र आजही लंडनच्या संग्रहालयात आहे. पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याला 'पेरू' म्हणतात, त्यावरून हिंदीत 'पीरू' झालं. मराठीत पेरू म्हणजे वेगळंच, म्हणून आपण टर्कीच म्हणू या.

अमेरिकेच्या जंगलात तो रानटी अवस्थेत राहतो. पूर्ण वाढलेल्या नराला तिकडे टॉम म्हणतात आणि जेमतेम वर्षाच्या नराला जेक. दोघांच्याही छातीवर केसांसारख्या पिसांचा एक झुबका लोंबत असतो, त्याला दाढी म्हणतात. टॉमची दाढी आठ-दहा इंच, जेकची तीन-पाच इंच. टॉमने शेपटी पसरली की पंख्याची कड सारखी गोल दिसते. जेकच्या पंख्यात मधली पिसं बाकीच्यांपेक्षा लांब असतात, त्यामुळे मध्येच उंचवटा दिसतो. टॉमच्या पायामागे कोंबड्यासारखा टोकदार काटा असतो, जेकच्या पायाला नुसतं बोंड. ओरडण्यातही फरक आहे. जेकचा आवाज आठवीतल्या पोरासारखा मध्येच फाटतो.

पेनसिल्व्हेनियात वसंतातल्या शिकारीचा नियम असा, की दाढी असलेला पक्षीच मारायचा. तेवढं असलं की कायद्याला जेक आणि टॉम सारखेच. मोठ्यांचा हंगाम सुरू होण्याच्या आधीचा एक शनिवार मुलांसाठी राखून ठेवतात. बरोबर मोठं माणूस हवंच. सूर्योदयाआधी अर्धा तास ते दुपारी बारा, एवढीच वेळ.

नातीने मलाच का विचारलं, तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी ती इथे आली होती, तेव्हा आमच्या बैठकीतल्या एका फोटोपाशी बराच वेळ उभी होती. फोटोत माझे काका आहेत, खाकी हाफपँट, हातात बारा बोअरची बंदूक. काका संस्थानच्या फौजेत होते. शिवपुरीच्या जंगलात महाराजांच्या शिकारीसाठी हाका घालायला माणसं लागत, त्या बंदोबस्तात ते तरुणपणी राहिलेले. माधवराव महाराजांनी वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत पुस्तकसुद्धा लिहिलं होतं, तो सगळा काळच तसला. नातीने तेव्हा विचारलं, "तुम्हीपण जायचात?" मी म्हटलं, "लहानपणी गेलोय." तेवढ्यावर तिने मला जाणकार ठरवून टाकलं. मी साठ वर्षांत बंदुकीला हात लावलेला नाही आणि का लावला नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

आता तिची अडचण. तिच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. तेच तिला शिकवतात आणि तेच बरोबर जाणार. आमच्या चिरंजीवांनी आधी पुष्कळ आढेवेढे घेतले. मग तिच्याबरोबर स्वतःच शिकाऱ्यांचा सुरक्षिततेचा वर्ग केला आणि परवानगी दिली. शेजाऱ्यांचं म्हणणं, पहिल्या वर्षी नियमात बसणारा पहिला पक्षी घ्यावा. पण तिच्या शाळेत एक मुलगा आहे, घरात तीन पिढ्यांची शिकार. तो सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "खरे शिकारी जेक मारत नाहीत. पोरं मारायची असतील तर कोंबड्यांच्या खुराड्यात जा."

एवढं ऐकल्यावर हिने फोन माझ्या हातातून घेतला. "अगं, पण मारायचंच कशाला? आणि त्यात पिल्लू?"

नात म्हणाली, "आजी, तू रविवारी चिकन केलं होतंस. फोटो पाठवला होतास. ती कोंबडी किती महिन्यांची होती, विचारलं होतंस का?"

हिच्याकडे उत्तर नव्हतं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवलंय, मला उत्तर ठाऊक होतं. बाजारातली ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांची असते. आकाश न पाहिलेली. जेक अकरा महिन्यांचा असतो, अंगाने जवळजवळ पूर्ण वाढलेला, सहा-सात किलोचा. टर्कीची मादी दहा-बारा अंडी घालते, पण त्यातली बहुतेक पिल्लं पहिल्या काही आठवड्यांतच पावसाने, थंडीने, कोल्ह्या-रॅकूनच्या तोंडी जातात. जेक म्हणजे त्यातून वाचून एक अख्खा बर्फाळ हिवाळा काढलेला पक्षी. तेव्हा त्याला पिल्लू म्हणून दया दाखवणं हा हिशेबच चुकीचा आहे.

पण म्हणून त्या मुलाचं बोलणं अगदीच पोकळ होतं असंही नाही. यंदाचा जेक म्हणजे पुढच्या वर्षीचा दोन वर्षांचा टॉम, आणि दोन वर्षांचे टॉमच सकाळी सगळ्यात जास्त ओरडतात, हाकेला धावून येतात. सगळ्यांनी यंदा जेक मारले तर पुढचा वसंत मुका जाईल. मिसिसिपी आणि अर्कान्सा या राज्यांत तर मोठ्या माणसांना जेक मारायला बंदीच आहे. गंमत अशी, की त्याच दोन्ही राज्यांनी पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना या नियमातून सूट दिलीय. म्हणजे ज्यांना जेकची किंमत सगळ्यात जास्त कळली त्यांनीच ठरवलं, की शिकणाऱ्याला वेगळं माप हवं. मला हे फार शहाणपणाचं वाटलं.

तिकडे एवढी मोजदाद का, तर एकदा सगळं गमावून बसल्यामुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जंगलतोडीने आणि बेसुमार शिकारीने कित्येक राज्यांतून टर्की नाहीसाच झाला होता. १९३७ साली त्यांनी कायदा केला, की बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या कामालाच जाईल. आधी पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, ते जगेनात. मग उरलेल्या जंगलांतले रानटी पक्षी जाळ्यात पकडून दुसरीकडे नेऊन सोडले, तेव्हा जम बसला. आज ते लाखोंनी आहेत.

आपल्याकडे आपण मोजलं नाही. १९५२ साली चित्ता देशातून संपल्याचं जाहीर झालं आणि २०२२ साली नामिबियाहून आठ चित्ते आणून आपल्या शेजारच्या श्योपूर जिल्ह्यात, कूनोला सोडावे लागले. १९७२ च्या कायद्याने मोठी शिकार थांबली आणि १९९१ च्या दुरुस्तीने तितरासारख्या पक्ष्यांच्या शिकारीचे परवानेही संपले. ते योग्यच झालं. तेव्हा इथल्या कुणी वाचकाने हा लेख वाचून गलोलसुद्धा उचलू नये, ही विनंती.

हे सगळं मी नातीला फोनवर काही सांगितलं नाही. मी म्हटलं, "तासाभराने फोन करतो, विचार करून सांगतो." आणि गच्चीवर बसून राहिलो. खाली दूधवाल्याची सायकल वाजली, समोरच्या देवळातली घंटा वाजली. मला १९६५ सालचा डिसेंबर आठवत होता.

मी चौदा वर्षांचा होतो, आज ती आहे तेवढाच. काका मला तिघऱ्याच्या बाजूला घेऊन गेले होते. बरोबर त्यांचे दोन मित्र. तेव्हा परवाना काढून तितर मारता येत असे. बोरीची आणि करीलची खुरटी झुडपं, मधून ओघळी, आणि सगळीकडून तितरांची कतीतर-कतीतर. आदल्या रात्री शेकोटीपाशी त्या मित्रांपैकी एक जण मला म्हणाला होता, "देखो भैया, चूज़ा मत मार लाना, नाक कट जाएगी." सगळे हसले. मीही हसलो.

सकाळी काकांनी बंदूक माझ्या हातात दिली आणि स्वतः दोन पावलं मागे राहिले. वीस पावलांवर एका बोरीखालून एक तितर चालत बाहेर आला. त्या वर्षीचाच असावा, अंगाने कोवळा. उघड्या जागी येऊन थांबला. मागे मातीचा बांध. याहून सोपी, याहून सुरक्षित वेळ नवशिक्याला मिळत नाही. काका मागून हळूच म्हणाले, "घे." मला रात्रीचं हसणं ऐकू आलं आणि मी बंदूक खाली केली.

थोडं पुढे गेल्यावर दोन मोठे तितर फडफडत उडाले. ते माझ्या पल्ल्याबाहेर होते. मला ते कळत होतं. तरी मी चाप ओढला. एकाची पिसं हवेत उडाली, एक पाय खाली लोंबला आणि तो तसाच तरंगत ओघळीच्या पलीकडे गेला.

आम्ही दुपारपर्यंत शोधलं. काकांनी गुडघे टेकून एकेक झुडूप उचकलं. मित्र कंटाळून जीपकडे गेले, काका गेले नाहीत. पक्षी मिळाला नाही. परतताना काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "जखमी करून सोडलेला पक्षी आपल्याच हिशेबात लागतो, बाळ. तो खाल्लेल्यापेक्षा जड असतो." त्यानंतर त्यांनी पुष्कळदा बोलावलं, मी गेलो नाही. ही गोष्ट आजवर हिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती.

तासाभराने मी नातीला फोन लावला. पण तितराची गोष्ट सांगितली नाही. म्हटलं, वहीत लिहून घे.

"पहिलं, दाढी स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय बंदूक वर करायची नाही. झुडूप हललं, आवाज आला, एवढ्यावर तर मुळीच नाही. तिथे दुसरा शिकारीही बसलेला असू शकतो."

"ते वर्गात शिकवलंय, आबा. लाल, पांढरं, निळं काही घालायचं नाही, कारण नराचं डोकं त्याच रंगांचं असतं. आणि पाठीमागे खांद्यापेक्षा रुंद झाड. आमच्याकडे पक्ष्याच्या मागे जायचंच नसतं. बसून हाक द्यायची, तोच येतो."

मला बरं वाटलं. आमच्याकडे हाका म्हणजे पन्नास माणसं जनावराला रेटत शिकाऱ्यासमोर आणायची. इथे शिकारी हाक देणार आणि यायचं की नाही ते पक्षी ठरवणार.

"दुसरं, पल्ला. किती ठरलाय?"

"पस्तीस यार्ड. अंतर मोजून झाडं हेरून ठेवायची, त्याच्या पलीकडे असला तर नाही."

"तिसरं, समोर एकच पक्षी हवा. मागे, बाजूला दुसरा नको. चौथं, मारलास तर साफ तू करायचास, शेजारच्या काकांनी नाही. आणि खायचा. हे चारही जमत असेल तर मग जेक की टॉम हा पाचवा प्रश्न."

"पण तोच तर मी विचारतेय!"

"त्याचं उत्तर आज रात्री घरी बसून द्यायचं. तिथे झाडाखाली नाही. तिथे छाती धडधडत असते, तेव्हा माणूस स्वतःचं ऐकत नाही, दुसऱ्याचं ऐकतो. माझं मत विचारशील तर पहिल्या वर्षी जेक घ्यावा. जवळ आलेला, नीट दिसणारा जेक स्वच्छ मारणं हे लांबच्या टॉमवर नशीब आजमावण्यापेक्षा शंभरपट चांगलं. एक लक्षात ठेव, परवान्यावरचा पक्षी एकदा झाला की यंदाचं बसणं संपलं. ते चालणार असेल तर घे. पुढे चार पक्षी झाले, हात बसला, की जेक सोडायला लाग. तेव्हा ते सोडणं तुझं असेल. आज सोडलास तर तो त्या मुलाच्या भीतीने सोडलेला असेल."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ठरलं. जेक आला तर घेणार."

शनिवारी तिकडचे दुपारचे बारा म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. ही एरवी नऊला झोपते. त्या दिवशी गच्चीवर पाण्याचा तांब्या घेऊन बसून राहिली. अकराला फोन आला.

"आबा, तीन आले."

"तीन?"

"तीन जेक. सात वाजता. पंचवीस यार्डांवर. पण ते एकमेकांना चिकटूनच, आबा. एक पुढे झाला की दुसरा त्याच्या मागे. मी बंदूक रोखून होते, हात थरथरायला लागले. काका हळूच म्हणाले, थांब, एकटा होऊ दे. पाच मिनिटं वाट पाहिली. तो एकटा झालाच नाही. छर्रे पसरतात ना, दोघांना लागले असते. मग ते निघून गेले."

"मग?"

"मग काकांनी सँडविच अर्धं केलं आणि मला मोठा तुकडा दिला. पण आबा, मी जेक म्हणून सोडला नाही हं. एकटा असता तर घेतला असता. सोमवारी शाळेत तो विचारेल. तेव्हा 'जेक होते म्हणून सोडले' असं सांगितलं तर तो खूश होईल. मी तसं सांगणार नाही. खरं तेच सांगणार."

तेव्हा मी तिला तिघऱ्याचा तितर सांगितला. सगळा, शेकोटीपासून ओघळीपर्यंत. ही शेजारी बसून ऐकत होती.

नात म्हणाली, "हे तुम्ही गुरुवारीच का नाही सांगितलंत?"

"गुरुवारी सांगितलं असतं तर तू माझ्या तितराला घाबरून बसली असतीस. त्या मुलाच्या जागी मी आलो असतो, एवढाच फरक."

"तो जगला असेल का, आबा?"

"नाही, बाळ. पाय तुटलेला तितर रात्र काढत नाही."

ती काही बोलली नाही. मलाही पुढे बोलवेना. साठ वर्षांत मी हे वाक्य मोठ्याने कधी उच्चारलं नव्हतं. मनात कुठेतरी तो अजून ओघळीपलीकडे उतरतोच आहे असं धरून बसलो होतो.

मंडळी, आपण मोठी माणसं मुलांना सारखं मोठं काहीतरी मिळवायला सांगत असतो. पहिलं गाणं म्हणायचं ते अवघडच, पहिली परीक्षा द्यायची ती मोठीच. शिकणाऱ्याने सोपं, जवळचं, नीट होण्यासारखं काही केलं तर आपल्यातलाच कुणीतरी शेकोटीपाशी हसतो. ते हसणं चौदाव्या वर्षी फार लांबपर्यंत ऐकू येतं आणि त्याची किंमत कधी कधी तिसऱ्याच जिवाला मोजावी लागते. नवशिक्याने जेक घ्यावा का, या प्रश्नाचं माझं उत्तर 'घ्यावा' हेच आहे, जिथे कायदा घेऊ देतो तिथे. आणि घेतल्यावर घरच्यांनी त्याचा आकार विचारू नये. किती अंतरावरून मारला आणि किती शांतपणे पडला, हे विचारावं.

येत्या शनिवारपासून मोठ्यांचा हंगाम सुरू होतो, तो मेअखेरपर्यंत चालतो. ती पुन्हा जाणार आहे.

फोन ठेवता ठेवता हिने तो माझ्याकडून मागून घेतला. मला वाटलं, आता पुन्हा 'मारायचंच कशाला' सुरू होणार.

"हे बघ," ही म्हणाली, "आणलास तर तंगड्या वेगळ्या काढ. त्या रानात चाललेल्या असतात, छातीबरोबर शिजायच्या नाहीत. त्यांना आधी कुकरमध्ये मऊ करून घे, मग कांदा-खोबऱ्याचं वाटण लाव. आईला म्हणावं, मसाला मी पाठवते."

पुढच्या महिन्यात भेटू. तोवर उन्हात सांभाळून राहा, आणि गच्चीवर पाखरांसाठी पाणी ठेवायला विसरू नका.